नॉर्मलची बाटली

“तुझ्या बहिणीचं रक्त तूच काढ मालन. तुझ्याइतका हलका हात या हॉस्पिटलात दुसऱ्या कुणाचा नाही,” असं हळबे सर म्हणाले आणि मी अशी काही फुलले म्हणून सांगू! वैजू समोर खुर्चीत बसली होती. बाही वर सरकवलेली, तोंड फुगवलेलं.

“ताई, अजून सांगते, नको हे.”

“गप गं. मुंगी चावल्याएवढं दुखेल.”

“दुखण्याचं कोण बोलतंय? मुलाकडच्यांनी मागितलंय का आपल्याकडे?”

सरांच्या देखत ती असं बोलली याचाच मला राग आला. मी तिच्या दंडाला रबरी नळी जरा जास्तच आवळली. सर हसले, म्हणाले, “धाकटी थोरलीपेक्षा तिखट दिसते,” आणि आपल्या खोलीत निघून गेले. मी पाच सीसी रक्त काढलं, कापूस लावला, तिचा हात मुडपून ठेवला.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. साताऱ्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, चर्मरोग विभागाच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, आता घेऊन तरी काय उजेड पडणार आहे? मी बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघ. वडील लवकर गेले, आई जाऊनही तीन वर्षं झाली होती. वैजयंता, म्हणजे आमची वैजू, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिला न्हाऊ घालण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं मीच केलेलं.

आईला सोरायसिस होता. कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर चंदेरी खवले. अंथरूण झटकलं की खाली कोंडा पडायचा. हा रोग शिवल्यानं होत नाही हे सांगणार कोण? आळीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत. एकीनं तर आईनं दिलेली वाटी चिमट्यानं उचललेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मग मी आईला घेऊन या हॉस्पिटलात आले. तिथे हळबे सरांनी तिची पाठ उघड्या हातानं, अख्ख्या तळव्यानं चाचपली आणि म्हणाले, “आजी, हे तुमचं पाप नाही आणि कुणाचा शापही नाही.” आई तिथल्या तिथे रडली. मी पण रडले. त्या दिवसापासून तो माणूस माझा देव झाला. टेक्निशियनचा कोर्स मी त्यांच्याच सांगण्यावरून केला आणि नोकरीही त्यांनीच लावली. सर म्हणतील ती पूर्व दिशा.

सरांनी एक टेस्ट बसवली होती. सांगायला सोपी आहे. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेलाच असतो, अंघोळीत आपण तोच चोळून काढतो. शरीर एरवी रोगजंतूंशी लढायला रक्तात प्रतिपिंडं तयार करतं. पण सोरायसिसवाल्यांच्या रक्तात या वरच्या थराविरुद्धच प्रतिपिंडं असतात, असं सरांचं म्हणणं. ऑपरेशनमध्ये निघालेल्या चांगल्या कातडीचा तुकडा गोठवून त्याचे पातळ काप घ्यायचे, त्यावर माणसाच्या रक्तातला पिवळा द्रव, म्हणजे सिरम, घालायचं, धुवायचं, मग चमकणारा रंग लावायचा आणि काळोख्या खोलीत खास दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. प्रतिपिंडं असली की कातडीचा वरचा काठ पोपटी चमकतो. आणि दर खेपेला, रोग्यांच्या स्लाइडांबरोबर एक स्लाइड निरोगी सिरमची लावायची, तुलनेला. ते सिरम फ्रिजमध्ये एका तपकिरी बाटलीत असायचं. वर सरांच्या अक्षरात ‘नॉर्मल’ लिहिलेलं. ती बाटली सर स्वतः भरायचे. तिची स्लाइड कधी चमकली नाही. रोग्यांच्या बहुतेक सगळ्या चमकायच्या. आता यावर मी कशाला शंका घेऊ?

वैजूचं लग्न त्या वर्षी जमत आलं होतं. रहिमतपूरचे शिंगटे गुरुजी, निवृत्त शिक्षक, सज्जन माणूस. त्यांचा मुलगा राजाराम हायस्कुलात गणित शिकवायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, पसंती झाली होती, आणि पसंती म्हणजे नुसती पसंती नव्हे, आमची वैजू आरशासमोर गुणगुणायला लागली होती. याद्या करायच्या तेवढ्या बाकी होत्या. तेवढ्यात गुरुजी एका रविवारी एकटेच घरी आले. चहा झाला तरी त्यांचा कप काही खाली ठेवला जाईना.

“ताई, राग मानू नका,” ते शेवटी म्हणाले. “लोक बोलतात. तुमच्या मातोश्रींच्या अंगाला काही होतं म्हणे.”

“होतं. सोरायसिस होता. लागण होत नाही त्याची.”

“ते राजारामनं वाचलंय कुठंतरी. त्याचं काही म्हणणं नाही. पण आमच्या घरातून मला विचारतात, मुलीला यायचं नाही ना पुढे? आता मी काय सांगू? तुम्ही त्याच खात्यात आहात. तुम्ही म्हणाल ते मी घरी सांगतो. तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे.”

नीट ऐका. माणूस शब्द मागत होता. नुसता शब्द! “गुरुजी, पोर निरोगी आहे, निर्धास्त राहा,” एवढं म्हटलं असतं तर पुढच्या रविवारी याद्या झाल्या असत्या. पण मला नाकानं कांदे सोलायची भारी हौस. मी काय म्हणावं?

“शब्द कशाला गुरुजी? आमच्या सरांची टेस्ट आहे. रक्तात मूळ असेल तर आधीच दिसतं. मी कागदच देते तुम्हाला.”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. गुरुजी गेल्यावर वैजू बाहेर आली ती कमरेवर हात ठेवून.

“अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला? हे बघ माझे हात. हे बघ कोपर. आहे का एक तरी डाग? तूच घासून घासून आंघोळ घातलीस ना मला?”

“म्हणूनच म्हणते. कागद दाखवला की आयुष्यभर कुणी तोंड उघडणार नाही.” मी मनापासून बोलले. आईला जे भोगावं लागलं ते वैजूला नको, सासरी कुणी चिमट्यानं वाटी उचलायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. टेस्ट चांगलीच येणार याबद्दल मला तिळभर शंका नव्हती.

तर असं ते रक्त काढलं. सरांची शिस्त अशी, की स्लाइडवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. नावांची चिठ्ठी सरांच्या खणात. वाचणाऱ्याच्या मनात काही येऊ नये म्हणून. दोन दिवसांनी मी काळोख्या खोलीत दहा स्लाइडा लावून बसले. सात नंबरची स्लाइड लावली आणि कातडीचा काठ असा लखलखला, की मी वहीत चार अधिकची खूण केली. चारच्या वर आमच्याकडे खूणच नव्हती. नॉर्मलच्या बाटलीची स्लाइड नेहमीसारखी काळीठिक्कर. मी वही सरांकडे नेली. त्यांनी चिठ्ठी उघडली, वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

“मालन, बस.”

मी बसले नाही. मला कळलंच.

“सात?” मी विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली. म्हटलं, सर, परत लावते, माझी काही चूक झाली असेल. मी परत लावली. परत तेच. सर माझ्यामागे येऊन उभे राहिले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शास्त्राला बहीण नसते, मालन. तू न डगमगता वाचलीस याचा मला अभिमान वाटतो.”

अभिमान! आणि मी ते ऐकून घेतलं. नुसतं ऐकलं नाही, डोळे पुसत पुसत मला कुठेतरी बरंसुद्धा वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘त्वचेच्या बाह्य थराविरुद्ध प्रतिपिंडं आढळली, चार अधिक.’ खाली सरांची सही आणि तिच्या खाली, तपासणारी म्हणून, माझी.

वैजूनं कागद वाचला, घडी घातली आणि माझ्यासमोर धरला.

“फाड.”

“अगं असं कसं?”

“मग तुझ्याजवळ ठेव. पण त्यांना सांग, काही नाही म्हणून.”

“खोटं सांगू?”

“खोटं कुठे? मला काही झालंय का? आत्ता, या घडीला?”

“आज नाही. पण रक्तात आहे वैजू. उद्या निघालं, लेकरं झाल्यावर निघालं, तर ते लोक काय म्हणतील? फसवून दिली म्हणतील. आईचं काय झालं ते विसरलीस?”

“आईचं जे झालं ते झालं. मी आई नाही.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “ताई, खरंच आहे का गं माझ्यात?”

“चार अधिक आहे.”

“तुला वाटतं का?”

“मला वाटायचा प्रश्न नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

ती म्हणाली, “बरं,” आणि आत जाऊन पीठ मळायला लागली.

गुरुजी ठरल्या दिवशी आले. मी कागद पुढे केला तर त्यांनी हातात घेतला नाही.

“ताई, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही तोंडी सांगा. मुलगी तुमच्या हातची आहे. देऊ का मी शब्द घरी?”

दुसऱ्यांदा विचारलं बघा त्या माणसानं. देवानं दोनदा दार उघडलं. आणि मी म्हणाले, “गुरुजी, मी खोटं बोलत नाही. तिच्या रक्तात आहे.”

गुरुजींनी दोन्ही हात जोडले. “तुमच्या खरेपणाला नमस्कार,” असं काहीतरी पुटपुटले आणि चहा न घेता गेले. वैजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं रडेल, भांडेल. तिनं त्यांचा चहा मोरीत ओतला. त्यानंतरचे तीन आठवडे ती घरात अशी वावरली, की जणू पाहुणी आली आहे. न्हाणीघरात मात्र तासतासभर असायची. मी दार वाजवलं की म्हणायची, “आले.” मी समजून होते, पोर आत रडून घेत असेल.

एप्रिलमध्ये सर हैदराबादला गेले, डॉक्टरांच्या मोठ्या परिषदेत ही टेस्ट मांडायला. जाताना म्हणाले, नवे रोगी आले तर सिरम काढून ठेव, मी आल्यावर लावू. पण वाईच्या दवाखान्यातून एकदम नऊ नमुने आले आणि मला हात जोडून बसायची सवय नाही. म्हटलं, सर येईपर्यंत काम तयार ठेवावं, शाबासकी मिळेल. फ्रिज उघडला तर नॉर्मलच्या बाटलीत तळाला चमचाभरच उरलेलं. तेवढं सरांच्या खेपेला राहू द्यावं म्हटलं.

आता कुठल्याही लॅबमध्ये जाऊन विचारा, निरोगी रक्त लागलं की टेक्निशियन कुणाचं वापरतो? स्वतःचं. बाही वर करायची आणि काढायचं. मी तेच केलं. वहीत लिहिलं होतं, ‘सर्व सिरम, एकास दहा पातळ करणे.’ मी रोग्यांची केली तसंच माझंही एकास दहा केलं, स्लाइडा लावल्या आणि काळोख्या खोलीत बसले.

माझी स्लाइड चमकली. लख्ख. चार अधिक.

पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? वाटलं, म्हणजे मलाही आहे. आईनं दोघींनाही दिलं. मी त्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. आमच्या विभागातल्या आया, गोदाबाई, फरशी पुसायला आल्या होत्या. त्यांनी बादली ठेवली.

“काय झालं गं मालन? कोण गेलं?”

मी सांगितलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी लुगड्याचा पदर खांद्यावर टाकून हात पुढे केला. “माझं बघ की मग. माझ्या सात पिढ्यांत कुणाला खरूजसुद्धा नाही. तुझं यंत्रच बिघडलंय.”

मी त्यांचं रक्त घेतलं ते निव्वळ त्यांच्या समाधानासाठी. दुसऱ्या दिवशी गोदाबाईंची स्लाइड माझ्याहून जास्त चमकत होती.

मग मात्र माझं डोकं फिरलं. ऑफिसातले क्षीरसागर क्लार्क, कँटीनच्या मावशी, एक्स-रे काढणारा फर्नांडिस, दोन नर्सबाई, जो दिसेल त्याचं रक्त घेतलं. कुणी विचारलं तर म्हणायची, हिमोग्लोबिन बघते. दोन दिवसांत मी धरून अकरा माणसं झाली. अकराच्या अकरा चमकली. कुणाच्या अंगावर पुरळसुद्धा नाही!

मग मी नॉर्मलची बाटली टेबलावर घेतली. लघवीत प्रथिन उतरतं का ते बघायला आमच्याकडे एक ॲसिड असतं. प्रथिन असलं की पांढरं फुटतं. सिरमच्या एकास दहा पाण्यात दोन थेंब टाकले तर दह्यासारखं घट्ट फुटेल. मी माझ्या सिरममध्ये टाकून पाहिलं, फुटलं. गोदाबाईंच्यात टाकलं, फुटलं. बाटलीतल्या चमचाभर पाण्यात टाकलं. काही नाही. उजेडाकडे धरलं तर धुक्याएवढं पांढुरकं दिसलं. ते सिरम नव्हतंच. सिरमचा हात लागलेलं मिठाचं पाणी होतं. ते कुठून चमकणार?

सर सोमवारी आले. खुशीत होते. माझ्यासाठी बिस्किटांचा डबा आणला होता. “मालन, तिथे सगळ्यांनी उठून प्रश्न विचारले, एवढी उत्सुकता! दिल्लीहून मदत मंजूर होईल असं दिसतंय.”

मी डबा घेतला नाही. “सर, माझी स्लाइड चमकते.”

ते थांबले. “तुझी?”

“माझी. गोदाबाईंची. क्षीरसागरांची. अकरा जणांची.”

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, काय सांगतेस, बघू. शप्पथ सांगते, दार लागेपर्यंत मला तीच आशा होती, की सरांनाही ठाऊक नसेल, आपण दोघं मिळून काहीतरी करू.

“असायचीच,” सर म्हणाले. “ही प्रतिपिंडं सगळ्यांच्याच रक्तात असतात. उपजत. बाहेरच्या देशांत हे छापून येऊन काही वर्षं झाली. कातडी धड आहे तोवर ती नुसती फिरत असतात, कुणाला काही करत नाहीत. रोगात त्यांचा काही हात असलाच, तर वरचा थर मोडल्यावर.”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“प्रश्न प्रमाणाचा आहे, मालन. रोग्यांत जास्त असतील असा माझा अंदाज आहे. अजून तसं दाखवता आलेलं नाही, पण येईल. तोपर्यंत टेस्ट उभी राहिली पाहिजे. नाहीतर पैसा कोण देणार, यंत्रं कोण देणार? तुझी नोकरीही त्यातूनच आहे.”

“आणि बाटली?”

ते खिडकीकडे वळले.

“सर, माझ्या बहिणीचं लग्न मोडलं.”

“मला वाईट वाटलं.”

“वाईट वाटलं?” माझा आवाज चढला, बाहेर ऐकू गेला असेल. “त्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवलात तुम्ही! तेव्हा एक शब्द सांगितला असतात, की मालन, हे सगळ्यांतच असतं, घरी जा आणि बहिणीचं लग्न लाव. एक शब्द!”

“आणि तू विचारलं असतंस, मग नॉर्मल का चमकत नाही?” सर अगदी शांतपणे म्हणाले. “तू हुशार आहेस. विचारलंच असतंस.”

म्हणजे त्यांनी विचार केला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून, त्या दोन मिनिटांत, त्यांनी वैजूचं लग्न आणि आपली टेस्ट यांतलं एक निवडलं होतं.

“मला लिहून द्या,” मी म्हणाले. “ही प्रतिपिंडं निरोगी माणसांतही असतात असं लिहून द्या. मी रहिमतपूरला जाते.”

“आत्ता नाही देता येणार. आणि रिपोर्टात खोटं काय आहे? प्रतिपिंडं आढळली असं लिहिलंय. आढळलीच ना? खाली तुझीही सही आहे.”

विश्वास पानिपतात गेला म्हणतात ना, तो असा. मी अकरा जणांच्या खुणांचं पान वहीतून फाडलं आणि त्यांच्या तोंडावर म्हणाले, “माझ्या आईच्या पाठीवरून हात फिरवलात, तोच हात आहे ना हा?” त्यावर त्यांनी मान खाली घातली. मी तशीच एस.टी. स्टँडवर गेले.

रहिमतपूरला पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. शिंगटे गुरुजी ओसरीवर चटई टाकून बसले होते. समोर लग्नपत्रिकांचा ढीग. ते एकेक पाकीट घेऊन कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावत होते. मला बघून त्यांचं बोट तसंच वर राहिलं.

“कुणाचं?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“राजारामचं. वडूजची मुलगी आहे. घरच्यांनी घाई केली. बसा ताई.”

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. टेस्ट खोटी होती, सगळ्यांच्या रक्तात असतं, तुमच्याही रक्तात असेल, माझ्या आहे, वैजूला काही नाही. ते फाडलेलं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हळदीचा हात धोतराला पुसला, पान घेतलं, पाहिलं आणि परत दिलं.

“मी कागद मागितला होता का, ताई?” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “राजाराम मला म्हणाला होता, आबा, मालनताई नुसतं ‘ठीक आहे’ म्हणाल्या तरी पुरे, त्या तिची आईच आहेत. दोनदा विचारलं मी तुम्हाला. आईनंच नाही म्हटल्यावर मी कुणाच्या जिवावर पुढे जाऊ?”

आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो मी घेतला नाही.

पुढे वैजूचं लग्न झालं, चार वर्षांनी, बार्शीला. बरा माणूस मिळाला, दोन मुलं आहेत, अंगावर आजतागायत एक खवला नाही. मी त्या महिन्यातच नोकरी सोडली. सरांची टेस्ट पुढे आपोआप बंद पडली, आणि सर मानसन्मानानं निवृत्त झाले. त्यांच्याबद्दल मी पुष्कळांना सांगितलं. लोक ऐकतात, च् च् करतात. माझ्याबद्दल मात्र आज पहिल्यांदा सांगते आहे.

त्या दिवशी संध्याकाळी रहिमतपूरहून घरी आले तेव्हा वैजू मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. मी तिला हाताला धरून आत आणलं, बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं. हळबे सरांनी कसं फसवलं, बाटलीत काय होतं, त्यांना आधीपासून कसं ठाऊक होतं. सांगताना मीच हुंदके देत होते. “वैजू, तुझ्यात काही नाही गं. कधीच नव्हतं. मला फसवलं त्यानं. ज्याला देव मानला त्यानं गळा कापला माझा.”

मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडेल. तिनं फक्त पोलक्याच्या बाह्या वर केल्या.

दोन्ही कोपर सोललेले होते. लालभडक, कुठे खपली, कुठे ओल. मी तिचे गुडघे बघायला परकर वर केला, तिथेही तेच. टाचा घासायच्या वजरीनं ती रोज घासत होती. तीन आठवडे. मी दाराबाहेर उभी राहून तिला हाका मारत होते तेव्हा ती आत हे करत होती.

“वैजू, हे काय केलंस?”

“बघत होते. आत कुठे आहे ते. तू म्हणालीस ना, आत आहे.”

“अगं, पण तुझा तर विश्वासच नव्हता त्या टेस्टवर! फाड म्हणालीस. सरांचा कागद फाड म्हणालीस तू मला!”

वैजूनं बाह्या खाली केल्या. गुंडी लावली.

“तुझ्या सरांना मी कुठे ओळखत होते, ताई?” ती म्हणाली. “तू म्हणालीस म्हणून खरं मानलं.”